वाकड्या कॅनालमधली री-आरसीटी : कोणती फाइल, कुठपर्यंत?

री-आरसीटीसाठी कोणती सिस्टीम घेऊ, हा प्रश्न तरुण सहकाऱ्यांकडून सारखा येतो. सरळ कॅनालपुरते बोलायचे तर उत्तर सोपे आहे : बाजारात मिळणारी जवळपास कुठलीही रीट्रीटमेंट फाइल तिथे काम भागवते. अडचण येते ती वळणावर. समजा, खालच्या पहिल्या दाढेचे मेसिअल मूळ तीस-पस्तीस अंशांत वळले आहे, आधीचा गटापर्चा टोकाच्या तीन मिलिमीटर अलीकडेच संपला आहे आणि मुळाशी काळी सावली दिसते आहे. अशा दाढेत एकच सिस्टीम वरपासून खालपर्यंत चालवली की घात होतो. कॅनालच्या प्रत्येक भागासाठी फाइल वेगळी निवडावी लागते आणि ती कुठे थांबवायची हे हातात घेण्याआधीच ठरवावे लागते. ज्यांच्या गावात एन्डोडॉन्टिस्ट आठवड्यातून एकदा येतो किंवा येतच नाही, आणि तरीही जे रोज दाढा वाचवायची धडपड करतात, त्या दंतवैद्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक अभ्यास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गोर्नी आणि गाल्यानी या इटालियन संशोधकांनी २००४ मध्ये री-आरसीटी केलेल्या ४५२ दातांचा दोन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पहिल्या उपचारात कॅनालची मूळ ठेवण शाबूत राहिली होती, त्या दातांत ८६.८ टक्के यश आले. जिथे लेज, ट्रान्सपोर्टेशन, परफोरेशन अशा कारणांनी ठेवण बिघडली होती, तिथे ते ४७ टक्क्यांवर आले. त्या दातांतली बिघाडी आधीच्या उपचारातली होती. पण गटापर्चा उपसताना आपणही तीच बिघाडी करू शकतो, आणि वळलेल्या कॅनालमध्ये ती फार पटकन होते. म्हणून फाइल्सची तुलना करताना माझा पहिला निकष असा : हिने वळण सरळ तर होणार नाही ना? गटापर्चा किती भराभर निघतो, हा प्रश्न त्यानंतरचा.

वळण ओळखण्यापासून सुरुवात करू. श्नायडरने १९७१ मध्ये एक्स-रेवर कोन मोजायची जी रीत दिली ती अजून वापरात आहे : पाच अंशांपर्यंत सरळ, दहा ते वीस मध्यम, पंचवीसच्या पुढे तीव्र. पण नुसता कोन पुरत नाही. प्रुएट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की फिरत्या निकेल-टायटॅनिअम फाइलचे आयुष्य कोनाइतकेच वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. तीस अंशांचे वळण दहा मिलिमीटरांत पसरलेले असेल तर फाइल ते सोसते. तेच तीन मिलिमीटरांत झटकन आले तर तीच फाइल तिथे तुटते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट रोजच्या कामाला अधिक उपयोगाची आहे : वळणाच्या जागी फाइल जितकी जाड, तितकी ती लवकर थकते.

साध्या आयओपीएवर बाजूला जाणारी वळणे दिसतात. आपल्याकडे येणारी किंवा आत जाणारी दिसत नाहीत. वरच्या पहिल्या दाढेचे पॅलेटल मूळ एक्स-रेवर अगदी सरळ वाटते, आणि शेवटच्या तृतीयांशात ते बहुधा गालाच्या दिशेने वळलेले असते. तिथे ताठ फाइल बेधडक उतरवणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. सरळ कोनातून एक आणि वीसेक अंश मेसिअलकडून एक, असे दोन एक्स-रे तरी घ्याच. जिल्ह्याच्या ठिकाणी आता छोट्या क्षेत्राचा सीबीसीटी मिळू लागला आहे. अमेरिकन एन्डोडॉन्टिस्ट संघटनेच्या भूमिकेनुसारही बरे न झालेल्या दाताच्या री-आरसीटीआधी तो काढणे योग्य ठरते. सीबीसीटी पाहताना नुसती सावली पाहून थांबू नका. लेज कुठे आहे, मुळाची फर्केशनकडची भिंत किती उरली आहे, एखादा कॅनाल राहून गेला आहे का, हे पाहा. वरच्या पहिल्या दाढेत दुसरा मेसिओबकल कॅनाल राहिला असेल आणि बाकीची दोन मुळे निरोगी असतील, तर फक्त त्याच मुळावर काम करणे हा पूर्ण प्रामाणिक उपचार आहे. जो वाकडा कॅनाल उघडायची गरजच नाही, तो उघडू नये.

आता फाइल्सकडे येऊ. गटापर्चा काढणे आणि कॅनालला आकार देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्हींना लागणारे गुण एकमेकांच्या विरुद्ध आहेत. घट्ट बसलेल्या गटापर्चात शिरायला टोक कडक लागते, अंगात ताठपणा लागतो, वेग जास्त लागतो. घर्षणाच्या उष्णतेने गटापर्चा मऊ होतो आणि फाइलच्या खाचांतून वर येतो. वळणातून जायला मात्र मऊ धातू, निमुळते अंग आणि न कापणारे टोक लागते. हे दोन्ही गुण एका फाइलमध्ये भरपूर असल्याचा दावा कुणी करत असेल, तर त्याच्याकडून ती फाइल आधी काढलेल्या दातात चालवून दाखवायला सांगा.

कडक गटातली सर्वांत जास्त वापरली जाणारी सिस्टीम म्हणजे प्रोटेपर युनिव्हर्सल रीट्रीटमेंट. तीन फाइल्स : डी-१ ही ३० नंबरची, ९ टक्के टेपरची, १६ मिलिमीटर लांब, डी-२ ही २५ नंबर, ८ टक्के, १८ मिलिमीटर, डी-३ ही २० नंबर, ७ टक्के, २२ मिलिमीटर. डी-१चे टोक कापणारे आहे, बाकी दोघींचे नाही. वेग ५०० ते ७०० आरपीएम, म्हणजे नेहमीच्या शेपिंगपेक्षा बराच जास्त. कॅनालच्या वरच्या भागातला गटापर्चा डी-१ ज्या सफाईने उपसते, तशी दुसरी फाइल माझ्या पाहण्यात नाही. पण डी-१ने वरचा, डी-२ने मधला आणि डी-३ने शेवटचा तृतीयांश मोकळा करायचा हा जो क्रम पुस्तकात शिकवतात, तो सरळ मुळांचा आहे. वळलेल्या मुळात त्यातले शेवटचे पाऊल मी गाळतो.

का गाळतो, ते हिशेबानेच पाहू. मोठ्या वळणाची जागा बहुधा टोकापासून चार ते सहा मिलिमीटरवर येते. समजा ती पाच मिलिमीटरवर आहे. डी-३ टोकापर्यंत नेली तर वळणावर तिची जाडी ०.२० अधिक पाच गुणिले ०.०७, म्हणजे ०.५५ मिलिमीटर. त्याच जागी २५ नंबर, ४ टक्के टेपरची फाइल ०.४५ मिलिमीटर भरते आणि १५ नंबरची के-फाइल फक्त ०.२५. डी-३चा धातू जुन्या पद्धतीचा, उष्णता-संस्कार न केलेला, म्हणजे ताठ. अर्धा मिलिमीटरहून जाड ताठ तार वळणात गोल फिरते, तेव्हा ती सरळ व्हायला धडपडते. टोक बाहेरची भिंत खाते आणि वळणाच्या वरचा भाग आतली भिंत खातो. खालच्या दाढेच्या मेसिअल मुळात ही आतली भिंत म्हणजे फर्केशनकडची बाजू. तिथे डेंटिन एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, आणि आधीच्या आरसीटीने त्यातलेही काही खाल्लेले असते. डी-३ वळणात तुटण्याचे मूळही याच हिशेबात आहे.

कुठलीही सिस्टीम विकत घेण्याआधी तिच्या प्रत्येक फाइलसाठी हा गुणाकार एकदा करून पाहा. आर-एन्डो या फ्रेंच सिस्टीममध्ये सगळ्या मुख्य फाइल्सचे टोक २५ नंबरचेच, पण टेपर १२, ८, ६ आणि ४ टक्के असे उतरत जातात. ८ टक्क्यांची वरच्या तृतीयांशासाठी, ६ची मधल्या, ४ची शेवटच्या. वळणाच्या दृष्टीने ही रचना प्रोटेपरपेक्षा जास्त समजूतदार आहे, कारण खाली जाणारी फाइल बारीक होत जाते. डी-रेसमध्ये दोनच फाइल्स. पहिली ३० नंबर, १० टक्के टेपरची, कापणाऱ्या टोकाची. ती १००० आरपीएमवर फक्त वरच्या भागात चालवायची. दुसरी २५ नंबर, ४ टक्के, ६०० आरपीएमवर खाली न्यायची. एम-टू रीट्रीटमेंटच्या दोन्ही फाइल्स ५ टक्के टेपरच्या, १५ आणि २५ नंबरच्या. अंगाने त्या लवचिक आहेत, पण दोघींचेही टोक कापणारे आहे, आणि वळणात कापणारे टोक मला नको असते. लेज असेल तर ते टोक लेजला आणखी खोल करते.

दुसरा गट मागे-पुढे फिरणाऱ्या फाइल्सचा. रेसिप्रोक १५० अंश कापण्याच्या दिशेने जाते आणि ३० अंश मागे येते. वेव्हवनमध्ये तेच आकडे १७० आणि ५०. फाइल अडकायच्या आत सुटत राहते, त्यामुळे पिळवटून तुटण्याचा धोका कमी होतो. या फाइल्सच्या खाचा उलट्या दिशेने कापलेल्या आहेत, म्हणून त्या साध्या रोटरी मोटरवर चालवू नयेत. नवीन सहायकाने मोटरचा प्रोग्रॅम बदललेला असतो आणि घाईत ते लक्षात येत नाही; ती खात्री प्रत्येक वेळी डॉक्टरनेच करावी.

रेसिप्रोकची आर-२५ ही २५ नंबरची, टोकाच्या तीन मिलिमीटरांत ८ टक्के टेपरची. म्हणजे टोकापासून तीन मिलिमीटरवर तिची जाडी ०.४९ मिलिमीटर होते. त्यापुढे टेपर कमी होतो. मुळात ती पहिल्या आरसीटीसाठी बनलेली, पण गटापर्चा काढायलाही चांगली चालते. एकाच फाइलने काढणे आणि आकार देणे दोन्ही होते, म्हणून वेळ वाचतो. वळलेल्या कॅनालसाठी मात्र जुनी एम-वायरची रेसिप्रोक घेण्यापेक्षा रेसिप्रोक ब्लू किंवा वेव्हवन गोल्ड घ्यावी. निळ्या-सोनेरी रंगांपर्यंत नेणाऱ्या उष्णता-संस्काराने धातू मऊ होतो, वळणात थकवा सोसण्याची ताकद वाढते आणि फाइल कॅनालच्या भिंतीवर कमी रेटा देते. याची किंमतही आहे. मऊ फाइल घट्ट गटापर्चात शिरताना वाकते, पुढे सरकत नाही, आणि डॉक्टर नकळत दाब वाढवतो. मग फाइल गटापर्चाच्या बाजूने भिंतीत वाट काढते. म्हणून मऊ फाइलच्या पुढे वाट आधीच मोकळी केलेली हवी.

तिसऱ्या गटातल्या फाइल्स गटापर्चा काढत नाहीत, उरलेला झाडतात. त्यात एक्सपी-एन्डो फिनिशर आर मला विशेष उपयोगी वाटते. ३० नंबरचा गाभा, टेपर शून्य. थंड असताना ती सरळ असते, शरीराच्या तापमानाला आपला वाकडा आकार घेते आणि फिरताना कॅनालच्या ज्या कोनाकोपऱ्यांना गोल फाइल स्पर्शच करत नाही तिथे पोहोचते. टेपर नसल्यामुळे ती भिंत फारशी कापत नाही. पण शेवटी तिला जागा हवी : कॅनाल ३० नंबरपर्यंत तयार झाल्याशिवाय ती आत सोडू नये.

आणि हातातल्या फाइल्स. त्यांची जाहिरात कुणी करत नाही म्हणून त्या मागे पडल्या आहेत. वळणातला शेवटचा टप्पा आजही आधी वाकवून घेतलेली १० नंबरची स्टेनलेस स्टीलची के-फाइल किंवा सी-प्लस फाइलच जिंकते. मोटरला वळण कळत नाही, बोटांना कळते.

हे सगळे एका दाढेवर कसे बसते ते सांगतो. सुरुवातीला सांगितलेलीच दाढ घ्या. रबर डॅम लावा. क्राउन असेल आणि त्याखाली गळती असेल तर तो काढाच. क्राउनमधून भोक पाडून केलेल्या कामात कॅनालची तोंडे अर्धी दिसतात. चेंबरमधले जुने भरण अल्ट्रासोनिक टिपने साफ करा आणि मेसिअलकडची डेंटिनची कड थोडी मागे घ्या, म्हणजे फाइल कॅनालच्या तोंडात वाकून शिरणार नाही. वरचे एक वळण इथेच कमी होते. अबू-रास, फ्रँक आणि ग्लिक यांनी १९८० मध्ये वळणाच्या विरुद्ध बाजूला फाइल करण्याचा जो मार्ग सांगितला, तो इथे जसाच्या तसा लागू आहे : ब्रश करायचा तो मेसिअलकडे, फर्केशनकडे कधीच नाही.

मग डी-१ किंवा गरम प्लगर. वरचे चार-पाच मिलिमीटर मोकळे होतात आणि एक छोटी वाटी तयार होते. हलक्या हाताने, दोन-तीन ठोके द्या, बाहेर काढा, गॉजने पुसा, पुन्हा जा. पुसताना फाइलकडे नीट पाहा. खाचांत गुलाबी-नारिंगी लगदा आहे तोवर ती गटापर्चात आहे. पांढरा चुरा दिसू लागला की ती भिंतीत शिरते आहे, तिथेच थांबा. ही एक सवय लागली तर निम्मी परफोरेशन्स टळतील असे मला प्रामाणिकपणे वाटते.

डी-२ किंवा आर-एन्डोची ६ टक्क्यांची फाइल वळण सुरू होईपर्यंत, त्यापुढे एक मिलिमीटरही नाही. रबर स्टॉप आधीच त्या लांबीवर लावून ठेवा; एक्स-रेवर मोजलेला आकडा पेशंटच्या कागदावर लिहून ठेवलेला असेल तर चालत्या कामात अंदाज करावा लागत नाही. इथून मोटर बंद. १० नंबरच्या फाइलचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर वाकवा आणि रबर स्टॉपची खूण वाकाच्या दिशेला करा, म्हणजे आत गेल्यावरही टोक कुठे बघते आहे ते कळेल. घड्याळाची किल्ली देतो तशा थोड्याशा मागे-पुढे हालचालीने गटापर्चाच्या कडेने वाट शोधा. पुढे जातच नसेल तर या टप्प्यावर सॉल्व्हंटचा एक थेंब.

सॉल्व्हंटबद्दल माझे मत ठाम आहे : कमीत कमी आणि फक्त वाट मिळेपर्यंत. क्लोरोफॉर्म सर्वांत वेगाने गटापर्चा विरघळवतो, पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवले आहे. निलगिरी तेल आणि संत्र्याच्या सालीचे तेल हळू काम करतात, तरी पेशंट आणि डॉक्टर दोघांसाठी बरे. कुठलेही असो, विरघळलेल्या गटापर्चाचा पातळ थर भिंतींवर आणि डेंटिनच्या नळ्यांत पसरतो आणि नंतर तो निघता निघत नाही. वळणात आणि टोकाशी हा थर काढणे तर सर्वांत अवघड. म्हणून वरचा भाग कोरडाच उपसावा. आधीचे काम बायोसिरॅमिक सीलरचे असेल तर सॉल्व्हंटवर भिस्त ठेवू नका. तो सीलर त्यात विरघळत नाही. तिथे सिंगल कोनच्या बाजूने वाट मिळाली तर मिळाली. जुन्या थर्माफिलमध्ये प्लास्टिकचा कॅरिअर असतो. त्याच्या कडेचा गटापर्चा मऊ करून तो अखंड बाहेर काढायचा प्रयत्न करा. मोटरने त्याचे तुकडे केले तर ते वळणाखाली जाऊन बसतात.

१० नंबर टोकापर्यंत पोहोचली की एपेक्स लोकेटरवर लगेच विश्वास ठेवू नका. कॅनालमध्ये गटापर्चा उरलेला असताना वाचन डळमळते. एक्स-रे घ्या. मग १५ नंबरपर्यंत हाताने मोकळी वाट. इथे आता उष्णता-संस्कारित मऊ फाइल उतरते : २५ नंबर, ४ टक्के, किंवा हात बसलेला असेल तर वेव्हवन गोल्ड प्रायमरी, जी २५ नंबर, ७ टक्क्यांची आहे. वाट आधीच आहे, त्यामुळे तिला गटापर्चात रेटून शिरावे लागत नाही. उरलेला भाग ती कडेने काढते. शेवटी ३० किंवा ३५ नंबर, ४ टक्के. पहिल्या आरसीटीपेक्षा टोकाशी एक-दोन नंबर मोठे करावेच लागते. तेवढे केल्याशिवाय शेवटच्या तृतीयांशातला जुना मसाला निघत नाही. ३० नंबर, ४ टक्के टेपरची फाइल पाच मिलिमीटरवर ०.५० मिलिमीटर भरते, म्हणजे डी-३पेक्षाही बारीक, आणि टोकाशी मात्र डी-३च्या दीडपट. वळलेल्या कॅनालमध्ये टोक मोठे आणि टेपर लहान ठेवण्याचा सगळा फायदा या दोन आकड्यांत आहे.

त्यानंतर फिनिशर आर एक मिनिट, किंवा ती नसेल तर अल्ट्रासोनिकने हलवलेले हायपोक्लोराइट, मग १७ टक्के ईडीटीए, पुन्हा हायपोक्लोराइट. अल्ट्रासोनिक टिप वळणाच्या अलीकडे थांबवा. वळणात ती भिंतीला घासली की लेज पाडते आणि स्वतःही तुटते. पुन्हा एक एक्स-रे. त्यात गटापर्चाचे ठिपके दिसले तर पुन्हा झाडा. दिसले नाहीत तरी थोडा राहिलेला असणारच, हे गृहीत धरून कॅल्शिअम हायड्रॉक्साइड भरून पेशंटला दुसऱ्या वेळी बोलवावे असे माझे मत आहे. एका बसणीत संपवणारे चांगले डॉक्टर आहेत. वाकड्या मुळाच्या आणि मोठ्या सावलीच्या दाढेत मी ते करत नाही.

वाटेत लेज लागला तर? तो बहुधा वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर असतो. त्याच्या वरची जागा थोडी रुंद करा, ८ किंवा १० नंबरची फाइल टोकाशी चांगली वाकवा आणि आतल्या बाजूने टोचत टोचत वाट शोधा. सापडली की ती फाइल बाहेर काढू नका. तिथेच छोट्या हालचालींनी लेजची कड घासून घ्या. पंधरा-वीस मिनिटांत वाट मिळाली नाही तर थांबा. वाटेशिवाय मोटरची फाइल लेजवर टेकवली की तिथे नवा, खोटा कॅनाल तयार होतो.

आता तुलनेच्या निबंधांबद्दल, कारण विक्रेते तेच घेऊन येतात. २०१७ मध्ये जर्नल ऑफ एन्डोडॉन्टिक्समध्ये मायक्रो-सीटीवर आधारलेल्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा आला. त्यातून पुढे आले ते असे : कुठलीही सिस्टीम सगळा मसाला काढत नाही, आणि मुख्य फाइलनंतर झाडण्याचा वेगळा टप्पा जोडला तर उरलेले कमी होते. वेगळी सिस्टीम शोधत बसण्यापेक्षा तो शेवटचा टप्पा जोडण्यातून दाढेला जास्त मिळते, असा मी त्याचा अर्थ लावतो. निबंध वाचताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. दात कोणते होते? एकमुळी, सरळ प्रीमोलर असतील तर तुमच्या दाढेला त्याचा फार उपयोग नाही. भरून किती दिवसांनी उपसले? प्रयोगात बहुधा काही आठवड्यांचा गटापर्चा असतो; तुमच्याकडे पंधरा वर्षांचा, कोरडा, भिंतीला चिकटलेला येतो. दात उभा चिरून फोटोवर मोजले की मायक्रो-सीटीवर? चिरताना मसाला हलतो. आणि सर्वांत महत्त्वाचे : उपसण्याआधीच्या आणि नंतरच्या कॅनालच्या मध्यरेषेची तुलना केली आहे का? फक्त उरलेल्या मसाल्याची टक्केवारी देणारा आणि वळण किती सरकले ते न सांगणारा निबंध वाकड्या कॅनालबद्दल अर्धेच बोलतो.

खरेदीचे काय? मोजक्या बजेटात माझी यादी अशी होईल : प्रोटेपर रीट्रीटमेंटचा एक सेट, ज्यातली डी-३ वाकड्या मुळांत वापरायची नाही, चांगल्या कंपनीच्या उष्णता-संस्कारित ४ टक्के फाइल्स २५, ३० आणि ३५ नंबरच्या, ८, १० आणि १५ नंबरच्या के-फाइल्स भरपूर, आणि जमेल तेव्हा फिनिशर आर. ज्यांच्याकडे रेसिप्रोकेटिंग मोटर आधीच आहे त्यांनी रेसिप्रोक ब्लू घ्यावी, दुसऱ्या महागड्या सेटची घाई करू नये. मऊ धातूच्या फाइलच्या खाचा तुटण्याआधी बऱ्याचदा उलगडतात. ऑटोक्लेव्हमधून आल्यावर त्या मूळ आकारात आल्या नाहीत तर फाइल टाकून द्या. रेसिप्रोक आणि वेव्हवन एकाच पेशंटसाठी बनवल्या आहेत. दांड्यावरची प्लास्टिकची रिंग ऑटोक्लेव्हमध्ये फुगते ती त्याचसाठी. ती रिंग कापून फाइल पुन्हा वापरायची पद्धत आपल्याकडे आहे. खर्चाची ओढाताण मला ठाऊक आहे, पण वाकड्या कॅनालमध्ये एकदा गटापर्चा उपसलेली फाइल दुसऱ्या पेशंटच्या वळणात घालणे मला मान्य नाही. पेशंटला फाइलचा खर्च वेगळा दाखवून सांगितला तर बहुतेक जण समजून घेतात.

नव्या सिस्टीमवर हात बसवायचा असेल तर काढलेल्या खालच्या दाढा निर्जंतुक करून गटापर्चाने भरा, काही महिने ओलसर ठेवा आणि मग उपसा. एक्स-रे दोन्ही बाजूंनी घ्या, आधी आणि नंतर. वळण किती सरकले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर दाब आपोआप कमी होतो.

पेशंटशी बोलताना यशाची हमी देऊ नका. आधीच्या उपचारात वळण बिघडलेले असेल तर शक्यता अर्ध्यावर येते, हे आधीच सांगा आणि लिहून ठेवा. युरोपियन एन्डोडॉन्टिक संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पहिली तपासणी एक वर्षाने तरी व्हावी, आणि सावली पूर्ण गेली नसेल तर चार वर्षांपर्यंत पाहत राहावे. वर्षाने सावली लहान झाली असेल तर थांबायचे. तशीच असेल आणि दाढ चावताना दुखत नसेल, तरीही थांबायचे. वाढली असेल किंवा हिरडीवर पुवाचे तोंड आले असेल तर पुन्हा तीच वाट उपसण्यात अर्थ नसतो. तिथे मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया पाहावी. वरच्या दाढेच्या मेसिओबकल मुळाला ती सोपी जाते. खालच्या दुसऱ्या दाढेला बाहेरचे हाड जाड आणि खालची नस जवळ असते. तिथे दाढ जपून काढून, टोक हातात दुरुस्त करून पुन्हा त्याच जागी बसवण्याचा पर्याय तोंडाच्या सर्जनबरोबर आधीच बोलून ठेवावा.